दोन घागरींचा बंब

‘तुमचा इस्वास बसायचा न्हाई बाई, आजपोत्तर कुणाचाच बसला न्हाई,’ दुकानाच्या पायरीवर बूड टेकतं न टेकतं तोच राधाकिसननं तोंड उघडलं, ‘पण ह्या बंबात एकदा जितं मेंढरू पडलं आन् तोटीतून घोंगडं बाहेर आलं. विणलेलं. काठासहित.’

शिवकन्या हसली नाही. बापाच्या माघारी जालन्यातलं हे भांड्यांचं दुकान चालवून तिला वीस वर्षं झाली होती. जुनी भांडी मोडीत द्यायला आलेलं माणूस आधी त्या भांड्याची थोरवी सांगतं, हे ती जाणून होती.

‘काठ कोणत्या रंगाचा व्हता मामा?’

राधाकिसन गडबडला. ‘काळा.’

‘मंग असंल,’ ती म्हणाली आणि पोत्याची गाठ सोडायला वाकली.

म्हातारा हिरमुसला. शेजारी बसलेल्या आसराबाईच्या ते लगेच ध्यानात आलं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिला एवढं पक्कं कळलं होतं, की ह्या माणसाला आपलं खोटं खपलेलं चालत नाही. ते पकडलं गेलं पाहिजे, आणि तेही मोठ्यानं, चारचौघांत. खपलेलं खोटं म्हणजे त्याच्या लेखी बिनमिठाचं वरण.

वाटूरच्या ग्रामपंचायतीत एकतीस वर्षं राधाकिसननं नळाला पाणी सोडलं. वरची आळी, खालची आळी, फाट्याकडची लाइन. व्हॉल्व फिरवायचा आणि टाकी रिकामी होईतो तिथंच बसून राहायचं. बसलेल्या माणसाच्या तोंडाला काहीतरी काम लागतं. त्यामुळं पाणी कमी आलं की वाटूरच्या बायका कारण विचारत नसत, गोष्ट विचारत. एकदा पाइपात अजगर अडकला होता. एकदा पाणी थेट घनसावंगीला जाऊन, तिथं ओळखीचं कुणी भेटलं नाही म्हणून माघारी आलं होतं.

पण त्याच्या गोष्टींचा खरा फड जमायचा तो घरी, न्हाणीपाशी, ह्या बंबाभोवती.

बंब राधाकिसनच्या बापानं, बद्रीनाथनं, चार मेंढरं विकून आणलेला. चार घागरींचा. बाहेरून तांब्याचा पिंप, मधून जाळाची नळी, खाली निखाऱ्याची जाळी आणि पोटाला पितळी तोटी. घरात तेव्हा अकरा माणसं. पहाटे आसराबाईनं हौदावरून चार घागरी आणून वरून ओतायच्या आणि राधाकिसननं खालून कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या सारायच्या. पाणी तिचं, जाळ त्याचा. पोरं टावेल पांघरून कुडकुडत रांगेत उभी. राधाकिसन एकीकडं जाळ सारी आणि दुसरीकडं थाप सारी. घरचा कायदा होता: ज्याला खोटं सापडेल त्यानं हात वर करून ‘खोटं!’ म्हणून ओरडायचं. बराबर पकडलं, तर पहिलं पाणी त्याचं. आणि खऱ्याला खोटं म्हटलं, तर जा रांगेत शेवटी. त्यामुळं पोरं जीव कानात आणून ऐकत. अंगद भित्रा, फार वेळ विचार करी. करण उतावळा, बहुतेक वेळा शेवटी जाई. रेणुका मात्र बापाचे डोळे बघूनच सांगे, की आता आली बघा थाप.

आसराबाईला तर सगळ्याच थापा कळायच्या. पण तिनं कधी हात वर केला नाही. सगळ्यांच्या अंघोळी आटोपल्यावर तळाला जे कोमट राहील ते पाणी तिचं, हे ह्या घरात आल्या दिवसापासून ठरलेलं. लेकरांचं पहिलं पाणी आपण कशाला मारायचं?

शिवकन्यानं पोतं खाली ओढलं. बंब उघडा पडला. पोटावर ‘बद्रीनाथ, वाटूर’ एवढी अक्षरं अजून वाचता येत होती. वरच्या अंगाला, गळ्यापाशी, सांध्याचा डाख सुटून बोटभर फट पडली होती.

‘डाख देऊन भागंल का?’ राधाकिसननं आशेनं विचारलं.

‘तांबंच जळलंय मामा. आज डाख द्या, संक्रांतीला परत या. नवीनच घ्यावा लागंल.’ ती उठली. मागं लहान-मोठे बंब लग्नातल्या करवल्यांसारखे नटून उभे होते. ‘गीझर का न्हाई घेत पण? आता समदे तेच नेऊन राह्यले.’

‘थोरलं पोरगं बी तेच म्हणलं. अंगद. पुण्याकडं कंपनीत हाय. फोनवर म्हणतो, बाबा, बटन दाबा, पाणी येतं.’ राधाकिसननं तोंड कडू केलं. ‘माझ्या भावानं, कारभारीनं, बसवलाय फाट्यावरच्या नव्या घरात. लाइन गेली की साबण लावलेला माणूस तासभर तसाच. आन् बटनापाशी बसून गोष्ट कोन सांगतं का? बंबच द्या. ह्याच्याएवढा. जमलं तर थोडा मोठाच.’

‘आधी सांगा, माणसं किती?’

‘घर मोठं हाय बाई. सहा खणाचं, वरून...’

‘घर नका सांगू मामा. घराला अंघोळ घालायची न्हाई आपल्याला. रोज अंघोळीला बसतेत किती, ते सांगा. बंब माणसावर घ्यायचा, घरावर न्हाई. लोक हौसेनं मोठा नेतेत, मंग पाणी घालतेत अर्धं. खाली पाणी, वर कोरडं तांबं. कोरड्याला जाळ लागला की डाख गेलाच समजा.’

आसराबाईनं पदर सावरला. आता तिला बोलायचं होतं. सकाळी फाट्यावर गाडीत चढल्यापासून ती मनात एकच वाक्य घोळवत होती. ‘दोनच. आमी दोघंच असतो.’ कंडक्टरनं बंबाकडं बघून ‘मामा, ह्याचं बी तिकीट काढा’ म्हणून चेष्टा केली, तेव्हाही ती हसली नाही. वाक्य विसरेल म्हणून. सहा वर्षांपासून तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. भरली घागर त्या उंच बंबाच्या तोंडाशी न्यायची म्हणजे डोळ्यापुढं काजवे चमकत. दुकानात जायचं, लहान बंब घ्यायचा आणि सुटायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

पण राधाकिसननं बोटं मोजायला घेतली होती.

‘एक आमचा म्हातारा. त्याला शुक्राची चांदणी दिसली की पाणी लागतं, आन् असं कढत, की दुसऱ्याचं कातडं सोलून निघंल. मंग आमची माय. ती आधी तुळशीला तांब्याभर काढती. मंग कारभारी. अर्धा बंब एकटाच संपवतो, वरून गाणं म्हणतो. त्याची बायको, त्याची दोन लेकरं, ती दोघं एकाच घंगाळात बसतेत आन् भांडतेत. अंगदला डोळ्यात साबण गेला की गावभर कळतं. करणला तर शोधूनच आणा लागतं, कडब्यात लपून बसतो. रेणुकाची डोकं धुवायची बारी असली की समद्यांनी थांबायचं. मी. आन् ही.’

तो थांबला. दुकानात भांड्यांशिवाय कुणी नव्हतं, पण आसराबाईला वाटलं, पायरीपासून रस्त्यापर्यंत टावेल पांघरलेली रांग लागली आहे. म्हातारा-म्हातारी जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली. कारभारीनं वेगळं होऊन फाट्यावर घर बांधलं. करण वाळूजला. रेणुका घनसावंगीला दिलेली, तिचीच पोरगी आता कॉलेजात. आणि हा माणूस ‘बसत होते’ म्हणत नव्हता, ‘बसतेत’ म्हणत होता.

‘म्हणजे अकरा,’ शिवकन्या म्हणाली आणि तिनं आसराबाईकडं पाहिलं. बाई बाईकडं बघते तसं. खरं काय ते तुम्ही सांगा मामी, असं.

आसराबाईनं तोंड उघडलं. घोकलेलं वाक्य तयार होतं.

‘बारा,’ ती म्हणाली. ‘अंगदची लेक, अंजू, धरली न्हाई ह्यांनी.’

राधाकिसननं चमकून बायकोकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत तिनं त्याच्या थापेला हात लावला नव्हता. ना पकडायला, ना टेकू द्यायला.

‘बारा म्हणल्यावर पाच घागरींचाच घ्यावा लागंल,’ शिवकन्या म्हणाली. ‘कल्याणकाका! हा जुना आत घ्या, मोडीत काढायचाय.’

तिनं हाक मारली आणि हातानंही खुणावलं. दुकानाच्या मागल्या अंगाला तांबं ठोकत बसलेला कल्याण उठून आला. साठीचा, सुपाएवढ्या पंजांचा माणूस. जन्मभर तांब्यावर हातोडा मारून मारून त्याचे कान गेले होते. राधाकिसननं सवयीनं सुरुवात केली, ‘कारागीर, तुमचा इस्वास बसायचा न्हाई, पण ह्या बंबात एकदा...’ कल्याणला ओठ हललेले दिसले, बाकी काही नाही. जगात राधाकिसनच्या थापा ज्याच्यावर चालणार नाहीत असा एकच माणूस होता, आणि तो नेमका इथं निघाला.

कल्याणनं झाकण काढलं. मोबाइलची बत्ती आत धरली. बोट घालून कड खरवडली आणि वास घेतल्यासारखं करून बघितलं. बहिरी माणसं बोलतात तसा तो ओरडूनच बोलला, समोरच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल असं.

‘अर्धाच भरत व्हते हे लोक! हे बघ शिवकन्या, खाराची रेघ. ह्यांच्याकडचं पाणी खारं हाय, जिथपर्यंत पाणी तिथपर्यंत पांढरा थर. दोन घागरीच्या वर पाणीच न्हाई चढलं. जाड थर हाय, पाच-सहा वर्षांचा. दोन माणसाचं पाणी हाय हे! वरचं तांबं कोरडं जळलं, म्हणून डाख गेला.’

आसराबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

बाराचा हिशेब उघडा पडला त्याचं तिला काही नव्हतं. पण ती रेघ. सहा वर्षं रोज पहाटे राधाकिसन बंबापाशी बसून विचारायचा, ‘भरला का गं, काठोकाठ?’ आणि ती दोन घागरी ओतून, झाकण ठेवून सांगायची, ‘भरला.’ खांद्याचं सांगितलं असतं तर तो घागर स्वतः उचलायला उठला असता, आणि डॉक्टरनं त्याला वजन उचलू नका म्हणून बजावलेलं. आणि ‘दोघांना दोनच पुरे’ असं तोंडानं म्हणायचं म्हणजे... ते तिला जमलं नव्हतं. राधाकिसननं दिवसाकाठी दहा थापा मारल्या असतील. तिनं रोज एकच मारली होती आणि ती खपली होती. आता एका बहिऱ्या माणसानं ती भर बाजारात पकडली.

तिनं मान वर केली नाही.

‘ते तसं न्हाई कारागीर,’ राधाकिसनचा आवाज आला. ‘तुमाला वाटूरचं पाणी माहीत न्हाई. आमचं पाणी जड. काठोकाठ भरा, झाकण ठेवा, पाच मिनिटात खाली बसतं. दाबून बसतं बिलकुल. चार घागरी घातल्या तरी दोनच दिसतेत. एकतीस वर्षं सोडलंय मी ते पाणी. व्हॉल्वच्या तोंडातून निघताना हे एवढं, आन् लोकांच्या घागरीत पडताना तेवढं. ह्या बाईनं रोज चार घागरी घातल्या. मी तिथंच बसेल असतो. मला ठाव हाय.’

कल्याणला काही ऐकू आलं नाही. शिवकन्या खाली बघून उगीच एका ताटाची धूळ पुसू लागली. इतकी गळकी थाप राधाकिसननं उभ्या आयुष्यात मारली नव्हती. पाचवीतल्या पोरानं हात वर केला असता.

आणि मग आसराबाईला पऱ्हाट्या आठवल्या.

पूर्वी तो हातभर लांब पऱ्हाट्या नळीत सारायचा, जाळ वर धुराड्यातून जीभ काढायचा. सहा वर्षं झाली, तो गुडघ्यावर मोडून वितीएवढे तुकडे करून घालायचा. बसल्या बसल्या, एकेक. जाळ बुटका ठेवायचा. तिला वाटलं होतं, म्हातारपणी माणूस चिक्कू होतो तसा झाला. एकतीस वर्षं पाइपाला कान लावून पाणी कुठवर आलं ते सांगणारा माणूस. बंबावर बोटाचं पेर वाजवलं तरी त्याला पाणी कितीवर आहे ते कळणार. त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी रोज विचारत होता, ‘भरला का काठोकाठ?’ आणि वरच्या कोरड्या तांब्याला झळ लागू नये म्हणून रोज जाळ पाण्याच्या रेघेखाली ठेवत होता. दिवाळीला करण एका रात्रीसाठी आला, सकाळी हौसेनं ‘मी घालतो जाळ’ म्हणून त्यानं कवळाभर लांब पऱ्हाट्या कोंबल्या, आणि दुपारी तो गाडीत बसायच्या आत डाख सुटला.

‘बाई,’ राधाकिसन शिवकन्याला म्हणाला, ‘तो पाच घागरींचा ठिवा माघारी. दोन घागरींचा दाखवा. बुटका. तोंड हिच्या कमरेच्या वर यायला नको असा.’

‘तीनचा घ्या की,’ आसराबाई पुटपुटली. ‘रेणुका आली, अंगद आला... अंजूला गार पाणी सोसत न्हाई.’

‘आली तर दोनदा तापवू. पऱ्हाट्याला काय तोटा हाय?’

‘बराबर बोलले मामा,’ शिवकन्या म्हणाली. ‘पाव्हण्याला दोनदा तापवायचा. रोजच्याला रोजच्याएवढा. गच्च भरा आन् मंग कसा बी जाळ घाला, तीस वर्षं बघायचं काम न्हाई.’

तीस वर्षं म्हटल्यावर दोघं एकमेकांकडं बघून हसली. त्या दिवसातलं ते पहिलं हसू.

शिवकन्यानं बुटका, गोल पोटाचा बंब पुढं आणला. आसराबाईनं उठून त्याच्या तोंडाशी डावा हात नेला, मग उजवा. उजवाही पोचला. तिनं मान हलवली.

‘नाव काय घालू? बद्रीनाथच का?’ नाव कोरायचं यंत्र हातात घेऊन शिवकन्यानं विचारलं.

‘आसराबाई,’ राधाकिसन म्हणाला. ‘पाणी तीच भरती.’

यंत्र टिरटिरलं. कल्याणनं जुना बंब आडवा घातला आणि हातोडा उचलला. तांबं चेपल्याशिवाय मोडीत जात नाही. राधाकिसन लगबगीनं उठला, त्याचा दंड धरला, आणि खुणेनं काहीतरी मागितलं. कल्याणनं पाना घेऊन पोटाची पितळी तोटी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. राधाकिसननं ती सदऱ्याच्या खिशात टाकली. पहिला घाव पडायच्या आत दोघं नवरा-बायको रस्त्यावर आली होती. घाव त्यांना पाठीमागून ऐकू आला. आसराबाई थबकली. राधाकिसन थबकला नाही. ‘चल, जल्दी. गाडी जाईल,’ एवढंच म्हणाला.

दुपारच्या गाडीत जागा मिळाली. नवा बंब आसराबाईच्या मांडीवर, दुपट्यातल्या लेकरासारखा. जालना मागं पडलं, दोन्हीकडं वेचून झालेल्या कपाशीची काळी रानं लागली. तेवढ्यात कंडक्टर तिकिटं काढत आला. सकाळचाच.

‘मामा! सकाळी केवढा व्हता हो! धुतल्यानं आटला का काय?’

आजूबाजूची माणसं हसली. मागच्या बाकावरच्या दोन बाया पुढं वाकल्या. आसराबाईनं वाट पाहिली. ह्यावर राधाकिसनकडं सहज वाटूरपर्यंत पुरेल एवढी गोष्ट असणार. आता निघेल मेंढरू, आता निघेल जड पाणी.

पण राधाकिसन खिडकीतून बाहेर बघत होता.

‘मोठा दिला मोडीत,’ तो म्हणाला. ‘बरं झालं. न्हाणीत नुसता जागा अडवून बसल्ता. दोघांला करायचाय काय तेवढा? मला तर याद बी यायची न्हाई त्याची.’

कंडक्टरला पटलं. त्यानं मान डोलावली आणि तिकीट दिलं. बायांना पटलं, त्या मागं टेकल्या. सगळ्या गाडीला पटलं.

आसराबाईनं त्याच्या खिशाकडं पाहिलं. हात आत होता आणि आतल्या आत काहीतरी फिरत होतं. अर्धा आटा इकडं, अर्धा आटा तिकडं. तोटी उघड, तोटी बंद. तोटी उघड, तोटी बंद.

उजवा खांदा साथ देईना, म्हणून तिनं डावा हात वर केला. पार वर, टपाला लागेल असा, रांगेत उभी असलेली पोरं करायची तसा.

‘खोटं!’ आसराबाई ओरडली.